ज्वालामुखी, हवामान आणि माणसाची भाकरी

दूरच्या एखाद्या बेटावर ज्वालामुखीचा उद्रेक होतो आणि पुढच्या वर्षी हजारो किलोमीटर अंतरावरच्या शेतकऱ्याचे पीक बुडते. त्या शेतकऱ्याने त्या पर्वताचे नावही कधी ऐकलेले नसते. आपल्यावर हे संकट का आले, हे त्याला कळत नाही. कोणी त्याला दैवाचा कोप म्हणतो, कोणी पूर्वजन्मीच्या पापाचे फळ म्हणतो. प्रत्यक्षात या दोन घटनांना जोडणारी कार्यकारणाची साखळी असते, आणि तिचा बराचसा भाग आज विज्ञानाने उलगडला आहे. ही साखळी कशी आहे, ती कशी शोधली गेली आणि तिचा आपल्या जीवनाशी काय संबंध आहे, हे सोप्या शब्दांत सांगण्याचा हा प्रयत्न आहे. विषय भूगोलाचा आहे खरा; परंतु त्याचे निम्म्याहून अधिक पुरावे इतिहासाच्या कागदपत्रांत दडलेले आहेत. म्हणूनच इतिहासाच्या शिक्षकाने त्यावर लिहिण्याचे धाडस केले आहे.

प्रारंभी दोन शब्दांतील भेद लक्षात घेऊ. आज ऊन पडले, उद्या पाऊस आला, ही झाली ‘हवा’. एखाद्या प्रदेशातील अनेक वर्षांच्या हवेची सरासरी स्थिती म्हणजे ‘हवामान’. हवा रोज बदलते. हवामान सहसा पिढ्यान्‌पिढ्या टिकते, आणि शेतीचे सारे वेळापत्रक त्याच्याच भरवशावर आखलेले असते. मृगात पेरणी करायची, हा अनुभव एका वर्षाचा नसून शेकडो वर्षांच्या हवामानाचा आहे. मोठा ज्वालामुखी उद्रेक हा भरवसाच एक-दोन वर्षांसाठी मोडून टाकू शकतो.

तांबोरा, १८१५

इतिहासाच्या पुस्तकांत १८१५ हे वर्ष वॉटर्लूच्या लढाईचे म्हणून ओळखले जाते. त्या लढाईच्या दोन महिने आधी, आजच्या इंडोनेशियातील सुंबावा बेटावर, तिच्याहून कितीतरी अधिक माणसांचे आयुष्य बदलून टाकणारी घटना घडली होती. आपल्या समाजाला १ जानेवारी १८१८ हा दिवस चांगला ठाऊक आहे. ही घटना त्याच्या सुमारे पावणेतीन वर्षे आधीची. म्हणजे ती काही फार प्राचीन काळातील नव्हे.

तांबोरा हा चार हजार मीटरहून अधिक उंचीचा पर्वत दीर्घकाळ शांत होता. ५ एप्रिल १८१५ रोजी त्याचा पहिला मोठा स्फोट झाला. त्या वेळी जावा बेट इंग्रजांच्या ताब्यात होते आणि स्टॅम्फर्ड रॅफल्स हा तेथील प्रमुख अधिकारी होता. शेकडो किलोमीटर दूर असलेल्या जावामध्ये हा आवाज तोफांसारखा ऐकू आला. जवळच्या ठाण्यावर शत्रूने हल्ला केला असावा, असे समजून योग्यकर्ता येथून सैन्याची तुकडी पाठविण्यात आली. एखादे जहाज संकटात सापडले असेल, म्हणून किनाऱ्याने नावाही धाडण्यात आल्या. पुढे राख पडू लागली, तेव्हा हा ज्वालामुखीचा प्रताप असल्याचे उघड झाले.

खरा महास्फोट १० एप्रिलच्या संध्याकाळी झाला. राख आणि वायूंचा स्तंभ चाळीस किलोमीटरहून अधिक उंच गेला. पर्वताच्या पोटातून सुमारे दीडशे घन किलोमीटर राख-दगड बाहेर फेकले गेले आणि त्याचा वरचा सुमारे एक-तृतीयांश भाग नाहीसा झाला. त्या जागी सहा किलोमीटर रुंद आणि एक किलोमीटरहून अधिक खोल असे महाविवर उरले. मानवाच्या लिखित इतिहासातील हा सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक मानला जातो.

तप्त राखेच्या लोंढ्यांखाली सुमारे दहा-बारा हजार माणसे तत्काळ दगावली. त्याहून कितीतरी अधिक माणसे नंतरच्या महिन्यांत मेली. शेतांवर राखेचा जाड थर बसला, भाताची पिके गेली, जनावरे मेली, पाणी दूषित झाले. सुंबावा आणि शेजारच्या लोंबोक बेटावरील एकूण मृत्यूंचे अंदाज सत्तर हजारांपासून नव्वद हजारांपर्यंत जातात. रॅफल्सने तांदूळ देऊन ओवेन फिलिप्स या अधिकाऱ्याला मदतीसाठी धाडले. ओस पडलेली गावे आणि रस्त्याच्या कडेला पडलेली प्रेते यांचे वर्णन त्याने करून ठेवले आहे. सांगर येथील राजाची स्वतःची मुलगीही उपासमारीने गेली होती. जेथे राजाच्या घरात ही अवस्था, तेथे रयतेची काय कथा? पोटासाठी माणसांनी स्वतःला आणि आपल्या मुलांना गुलाम म्हणून विकल्याच्या नोंदी आहेत. पर्वताच्या पायथ्याशी असलेले तांबोरा नावाचे छोटे राज्य संपूर्णपणे गाडले गेले, आणि त्याबरोबर तेथील भाषाही संपली. त्या भाषेतील काही मोजके शब्द उद्रेकापूर्वी टिपून ठेवलेले होते. तेवढेच आज शिल्लक आहेत.

राख नव्हे, गंधक

ज्वालामुखीमुळे हवामान बदलते म्हणजे राखेचे ढग सूर्याला झाकतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. राखेचे कण जड असतात. उद्रेकाजवळच्या प्रदेशात दिवसा अंधार करण्याइतकी त्यांची शक्ती असते. पण त्यांतील बहुतेक कण काही दिवसांत किंवा आठवड्यांत खाली बसतात. वर्षभर पृथ्वी थंड ठेवणे हे त्यांचे काम नव्हे.

ते काम करतो गंधक. शिलारसात विरघळलेला गंधक उद्रेकाच्या वेळी सल्फर डायऑक्साइड या वायूच्या रूपाने बाहेर पडतो. हा वायू किती उंच जातो, यावर पुढचे सारे अवलंबून असते. आपल्या डोक्यावरच्या वातावरणाचा सर्वांत खालचा थर म्हणजे तपांबर. ढग, पाऊस, वादळे यांचा सारा खेळ याच थरात चालतो. येथे सोडलेला गंधक पावसाबरोबर थोड्याच दिवसांत धुऊन जातो. त्याच्या वरचा थर म्हणजे स्थितांबर. ध्रुवांजवळ तो साधारण आठ-दहा किलोमीटर उंचीवर, तर विषुववृत्ताजवळ सोळा-सतरा किलोमीटर उंचीवर सुरू होतो. या थरात पाऊस पडत नाही. तेथे पोहोचलेला सल्फर डायऑक्साइड पाण्याच्या वाफेशी संयोग पावून काही आठवड्यांत गंधकाम्लाच्या अतिसूक्ष्म थेंबांमध्ये रूपांतरित होतो. हे थेंब मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतात. त्यांना खाली आणणारा पाऊस नाही आणि त्यांचे स्वतःचे वजनही नगण्य. त्यामुळे ते एक ते तीन वर्षे तरंगत राहतात आणि उंचावरील वाऱ्यांबरोबर पृथ्वीभर पसरतात.

हे थेंब सूर्यप्रकाशाचा काही भाग अवकाशाकडे परत फेकतात. जमिनीवर पोहोचणारी उष्णता किंचित कमी होते. उन्हाळ्यात पत्र्याच्या घरावर चुना मारला की आतला उकाडा कमी होतो. तसाच काहीसा हा प्रकार आहे. फरक एवढाच की हे छप्पर साऱ्या पृथ्वीचे असते.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली म्हणजे स्फोट कितीही भयंकर असला, तरी गंधक थोडा असेल तर हवामानावर परिणाम थोडाच होतो. १८ मे १९८० रोजी अमेरिकेतील सेंट हेलेन्स पर्वताचा एक कडा फुटून निघाला. त्याची छायाचित्रे जगभर झळकली. परंतु जगाच्या तापमानात लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. उलट १९८२ मध्ये मेक्सिकोतील एल चिचोन या अल्पपरिचित ज्वालामुखीने सुमारे सत्तर लाख टन सल्फर डायऑक्साइड वर फेकला आणि त्याचा परिणाम शास्त्रज्ञांना मोजता आला. दुसरी गोष्ट स्थानाची. विषुववृत्ताजवळच्या ज्वालामुखीचे थेंब दोन्ही गोलार्धांत पसरू शकतात. उत्तरेकडच्या ज्वालामुखीचा परिणाम मुख्यतः उत्तर गोलार्धापुरता राहतो. तांबोरा विषुववृत्ताच्या दक्षिणेस अवघ्या आठ अंशांवर आहे, आणि त्याने सुमारे सहा कोटी टन सल्फर डायऑक्साइड बाहेर टाकला होता. म्हणजे गंधकही भरपूर, उंचीही भरपूर आणि जागाही अशी की साऱ्या जगाला झळ लागावी.

उन्हाळा नसलेले वर्ष

पुढचे वर्ष, म्हणजे १८१६, हे युरोप-अमेरिकेच्या इतिहासात ‘उन्हाळा नसलेले वर्ष’ म्हणून नोंदले गेले आहे. अमेरिकेच्या ईशान्य भागात जून महिन्यात बर्फ पडला आणि उन्हाळ्याच्या प्रत्येक महिन्यात कडक दहिवराने उभी पिके जाळली. पश्चिम आणि मध्य युरोपात सततचा पाऊस व थंडी यांमुळे धान्य पिकलेच नाही. जे पिकले ते शेतातच कुजले. स्वित्झर्लंड आणि दक्षिण जर्मनीत धान्याचे भाव भडकले, भिकाऱ्यांच्या झुंडी रस्त्यांवर आल्या. वुर्टेंबर्ग आणि बाडेन या राज्यांतून हजारो कुटुंबे रशिया आणि अमेरिकेच्या वाटेला लागली. चीनच्या युन्नान प्रांतात थंडीने भात गेला आणि तेथेही दीर्घ दुष्काळ पडला.

सबंध पृथ्वीच्या सरासरी तापमानातील घट मात्र अर्ध्या अंश सेल्सिअसच्या आसपासच होती. वाचकाला प्रश्न पडेल की अर्ध्या अंशाने एवढा अनर्थ कसा होतो? याचे उत्तर ‘सरासरी’ या शब्दात आहे. ही घट सगळीकडे आणि सर्व महिन्यांत सारखी वाटली जात नाही. पश्चिम युरोपच्या काही भागांत १८१६ चा उन्हाळा दोन-तीन अंशांनी थंड होता. पिकाला सरासरी कळत नाही. कणसात दाणा भरण्याच्या वेळी पडलेली एक रात्रीची थंडी त्याला पुरते. शिवाय त्याआधीही, १८०९ च्या सुमारास, एक मोठा उद्रेक झाला होता. तो नेमका कोठे झाला, याचा ठावठिकाणा लागलेला नाही. पण ध्रुवप्रदेशांतील बर्फात त्याची खूण सापडते. आधीच गारठलेल्या दशकात तांबोराची भर पडली.

आपल्या देशाचे काय? १८१७ मध्ये बंगालमध्ये जेसोर येथे कॉलऱ्याची भयंकर साथ उसळली आणि १८१८ मध्ये ती मुंबईपर्यंत पोहोचली. तेथून पुढे ती देशाबाहेर पसरली. तांबोरामुळे बिघडलेल्या पावसाळ्याने या साथीला अनुकूल परिस्थिती निर्माण केली, असा तर्क काही अभ्यासकांनी मांडला आहे. तो विचार करण्याजोगा आहे, परंतु अद्याप तर्कच आहे. साथ पसरण्यामागे सैन्याच्या हालचाली, यात्रा, व्यापार आणि अस्वच्छ पाणी अशी अनेक कारणे होती. दोन घटना एकामागून एक घडल्या म्हणून पहिली दुसरीचे कारण ठरत नाही, हा इतिहासाच्या अभ्यासातील पहिला धडा येथेही पाळला पाहिजे.

तांबोरा आणि १८१६ चा उन्हाळा यांचा संबंध त्या काळी कोणालाच उमगला नव्हता. सूर्यावरच्या डागांना दोष दिला गेला, ईश्वरी कोपाची प्रवचने झाली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात विल्यम हम्फ्रीज या अमेरिकन हवामानशास्त्रज्ञाने ज्वालामुखी आणि थंड वर्षे यांचा संबंध पद्धतशीरपणे मांडला. पुढे ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका येथील बर्फात खोल छिद्रे पाडून काढलेल्या हिमस्तंभांनी त्याला भक्कम पुरावा दिला. दर वर्षीच्या हिमवर्षावाचा एक थर, त्यावर पुढच्या वर्षीचा, अशी ही बर्फाची रोजनिशीच असते. १८१५ नंतरच्या थरांत, पृथ्वीच्या दोन्ही टोकांना, गंधकाम्लाचे प्रमाण एकदम वाढलेले आढळते. झाडांच्या खोडांतील वार्षिक वलये, द्राक्षतोडणीच्या तारखा, बाजारातील धान्याचे भाव आणि चर्चमधील मृत्यूंच्या नोंदी हे सारे पुरावे त्याच्याशी जुळतात.

आइसलंडचे विषारी धुके

तांबोरापूर्वी ३२ वर्षे, ८ जून १७८३ रोजी, आइसलंडमध्ये लाकी येथे वेगळ्याच प्रकारचा उद्रेक सुरू झाला. येथे पर्वत उडाला नाही. जमिनीलाच सुमारे सत्तावीस किलोमीटर लांबीची भेग पडली आणि तिच्यातून आठ महिने लाव्हा वाहत राहिला. सुमारे बारा कोटी टन सल्फर डायऑक्साइड बाहेर पडला, म्हणजे तांबोराच्या दुप्पट. गवतावर फ्लोरिनयुक्त राख बसली. ते खाऊन जनावरांचे दात आणि हाडे बिघडली. आइसलंडमधील बहुतांश मेंढ्या आणि निम्मी गुरे मेली. पाठोपाठ आलेल्या दुष्काळात त्या देशाची सुमारे पाचवा हिस्सा लोकसंख्या संपली.

त्या उन्हाळ्यात युरोपभर कोरडे, गंधकाच्या वासाचे धुके पसरले होते. अमेरिकेचा प्रतिनिधी म्हणून पॅरिसमध्ये राहणाऱ्या बेंजामिन फ्रँकलिन यांनी त्याचे निरीक्षण केले. बहिर्गोल भिंगाने एकवटलेले सूर्यकिरण साधा कागद पेटविण्यासही जेमतेम पुरेसे पडतात, हे त्यांनी पाहिले. हे धुके आइसलंडमधील ज्वालामुखीचे असू शकेल आणि त्यामुळेच पुढचा हिवाळा इतका कडक गेला असेल, असे अनुमान त्यांनी १७८४ मध्ये मांडले. ज्या काळात धूमकेतू दिसला तरी लोक भयभीत होत, त्या काळात एक माणूस हाती भिंग घेऊन कारण शोधत होता. विद्यार्थ्यांनी त्यांच्या निष्कर्षाइतकीच ही वृत्तीही लक्षात ठेवावी.

लाकीचा परिणाम पावसावरही झाला. मोसमी पाऊस पडतो तो मुळात जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातील फरकामुळे. उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तेथे हवेचा दाब कमी होतो आणि समुद्रावरचे बाष्पयुक्त वारे तिकडे ओढले जातात. ऊन कमी झाले की समुद्र फारसा निवत नाही, पण जमीन चटकन निवते. फरक घटला की वाऱ्यांची ओढ घटते आणि पाऊसही घटतो. लाकीनंतर आफ्रिकेतील मोसमी पाऊस दुबळा झाला, नाईल नदीला पुरेसा पूर आला नाही आणि इजिप्तमध्ये मोठा दुष्काळ पडला. जानेवारी १७८५ पर्यंत तेथील एक-षष्ठांश लोक मेले किंवा देशोधडीला लागले, असे फ्रेंच प्रवासी व्होल्ने यांनी लिहून ठेवले आहे. नाईलच्या काठचा शेतकरी आइसलंडच्या भेगेमुळे उपाशी राहिला, हे त्याला समजण्याचा कोणताच मार्ग नव्हता.

याच सुमारास, १७८३-८४ मध्ये, उत्तर हिंदुस्थानात ‘चालिसा’ नावाने ओळखला जाणारा भीषण दुष्काळ पडला. विक्रम संवत १८४० मधील म्हणून हे नाव. परंतु दक्षिणेत दुष्काळ त्याच्या आधीच्या वर्षापासूनच होता आणि युद्धांचीही त्याला जोड होती. म्हणून चालिसाचे सारे खापर लाकीवर फोडता येत नाही.

पिनातुबोची परीक्षा

१५ जून १९९१ रोजी फिलिपाइन्समधील पिनातुबोचा उद्रेक झाला. या वेळी प्रथमच उपग्रह, विमाने आणि संगणक सज्ज होते. सुमारे दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड स्थितांबरात गेला, हे प्रत्यक्ष मोजले गेले. नासाचे जेम्स हॅन्सन आणि त्यांचे सहकारी यांनी गणित मांडून, १९९२ च्या अखेरपर्यंत जगाचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरेल आणि नंतर हळूहळू पूर्ववत होईल, असे भाकीत केले. झालेही तसेच. कारण ठाऊक असेल तर कार्य आधी सांगता येते, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळते. उद्रेकानंतरच्या वर्षात जगभरातील जमिनीवरचा पाऊस आणि नद्यांचे पाणी यांतही लक्षणीय घट नोंदली गेली.

शास्त्रज्ञांच्या वेळीच दिलेल्या इशाऱ्यामुळे हजारो लोकांना हलविता आले आणि हजारो प्राण वाचले. ही विज्ञानाची मोठी कामगिरी होय. पण या कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पिनातुबोच्या उतारांवर आएता नावाचे आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. मैदानी समाजाने त्यांना नेहमीच हीन लेखले होते. उद्रेकातून ते जिवंत बाहेर पडले, परंतु निर्वासितांच्या छावण्यांत त्यांची मुले गोवर, न्यूमोनिया आणि अतिसाराने दगावली. लसीकरण आणि आरोग्यसेवा त्यांच्यापर्यंत आधी कधी नीट पोहोचलीच नव्हती. ज्वालामुखीने जात-जमात पाहिली नाही. छावणीतल्या मृत्यूंनी मात्र ती पाहिली.

हेच तांबोराच्या वेळीही दिसते. वुर्टेंबर्गमध्ये दुष्काळानंतर राणी कॅथरिन हिने मदतसंस्था उभारली, गरिबांसाठी बचतपेढी काढली आणि राजा विल्हेल्म याने १८१८ मध्ये होहेनहाइम येथे कृषिशिक्षणाची संस्था सुरू केली. ती आजही विद्यापीठाच्या रूपाने उभी आहे. सुंबावाच्या वाट्याला मात्र काही पोती तांदूळ आले. थंडी-पाऊस निसर्ग ठरवितो. पण कोणाच्या घरात धान्य असावे, कोणाला विहिरीवर पाणी भरू द्यावे आणि कोणाच्या मुलाला लस मिळावी, हे माणसे ठरवितात. दुष्काळात पाणी आटते तेव्हा ते सर्वांसाठी सारखे आटत नाही, हे आपल्या आजी-आजोबांना कोणत्याही पुस्तकाशिवाय ठाऊक होते.

आपल्या पायाखालचा दगड

महाराष्ट्रात आज एकही जिवंत ज्वालामुखी नाही. भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी अंदमानजवळच्या बॅरन बेटावर आहे. तरीही महाराष्ट्र ही ज्वालामुखीचीच भूमी आहे. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी येथे लाकीसारख्या, पण त्याहून अनेक पटींनी मोठ्या भेगांतून लाव्हाचे थरावर थर वाहिले. यालाच आपण दख्खनचे पठार म्हणतो. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्या बेसॉल्ट खडकाने व्यापलेला आहे आणि सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरपर्यंत भरते. घाटातून जाताना डोंगराच्या अंगावर ज्या पायऱ्या-पायऱ्या दिसतात, तो प्रत्येक टप्पा म्हणजे लाव्हाचे थर होत. विदर्भ-मराठवाड्यातील कापसाची काळी जमीन याच खडकाची झीज होऊन तयार झाली. भाजे, कार्ले, अजिंठा आणि नाशिकची त्रिरश्मी लेणी भिक्खूंसाठी कारागिरांनी कोरली ती याच थिजलेल्या लाव्हात. लोणारचे सरोवर मात्र ज्वालामुखीचे विवर नव्हे. ते उल्कापाताने या बेसॉल्टमध्ये पडलेले आहे.

दख्खनचे उद्रेक लाखो वर्षे अधूनमधून चालू राहिले. त्यांतील गंधकाने काही काळ थंडी आणली, तर कार्बन डायऑक्साइडने दीर्घकाळ उष्णता वाढविली. डायनोसॉर नष्ट झाले तो काळ हाच. त्यांच्या विनाशाचे मुख्य कारण मेक्सिकोतील चिक्शुलूब येथे आदळलेली अवकाशशिला हे बहुसंख्य शास्त्रज्ञ मानतात. दख्खनच्या उद्रेकांचा त्यात किती वाटा होता, यावर अभ्यास चालू आहे.

आजचा प्रश्न

तापमानवाढ माणसामुळे नसून ज्वालामुखींमुळे होते, असे अधूनमधून ऐकू येते. ते खरे नाही. माणूस दगडी कोळसा आणि तेल जाळून दर वर्षी जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, त्याच्या सुमारे शंभराव्या हिश्श्याहूनही कमी वायू जगातील सारे ज्वालामुखी मिळून सोडतात. ज्वालामुखीने केलेली थंडी दोन-तीन वर्षांत ओसरते. आपण सोडलेला कार्बन डायऑक्साइड शतकानुशतके वातावरणात राहतो.

यातूनच एक नवी कल्पना पुढे आली आहे. पिनातुबोने जे केले तेच आपण जाणूनबुजून केले तर? विमानांनी स्थितांबरात गंधक फवारून पृथ्वी थंड ठेवावी, या उपायाचा गांभीर्याने विचार व्हावा, असे नोबेल पारितोषिकविजेते रसायनशास्त्रज्ञ पॉल क्रुट्झेन यांनी २००६ मध्ये मांडले. कर्बवायू कमी करण्यात जग अपयशी ठरत असल्याच्या चिंतेतून त्यांनी ते लिहिले होते. उपाय स्वस्त वाटतो. पण वर पाहिलेला इतिहास समोर ठेवला तर काही प्रश्न विचारावेच लागतात. सूर्यप्रकाश कमी केला की मोसमी पाऊस कमी होऊ शकतो. फवारणी एकदा सुरू केली आणि मध्येच थांबली, तर दबलेली उष्णता काही वर्षांतच उसळून येईल. शिवाय पृथ्वीचे तापमान किती असावे, हे कोण ठरविणार? ज्यांच्याकडे विमाने आहेत ते, की ज्यांची दोन एकर जिरायत शेती मृगाच्या पावसावर उभी आहे ते? १७८४ चा इजिप्तमधील शेतकरी अज्ञानात मेला. उद्याच्या शेतकऱ्याला निदान विचारले तरी गेले पाहिजे, आणि त्याने उत्तर देण्यासाठी त्याला हा विषय समजलेला असला पाहिजे.

म्हणून हा विषय केवळ परीक्षेच्या पाच गुणांचा नाही. वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे आपल्या संविधानाने प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य मानले आहे. त्याची सुरुवात फार मोठ्या साधनांनी होत नाही. तांबोराचे कोडे सुटले ते कोणी तरी पावसाची तारीख लिहिली, कोणी धान्याचा भाव टिपला, कोणी राखेच्या थराची जाडी मोजली म्हणून. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यांना तर हे सहज जमण्याजोगे आहे. अंगणात एक साधे पर्जन्यमापक ठेवावे, रोज सकाळी ठरावीक वेळी पाणी मोजावे, तापमान पाहावे आणि वहीत दिनांकासह नोंद करावी. एका तुकडीने ती वही पुढच्या तुकडीच्या हाती द्यावी. पाच वर्षांत तिचे मोल कळणार नाही. पन्नास वर्षांनी मात्र आपल्या गावचा पाऊस कसा बदलला, हे सांगणारा तोच सर्वांत विश्वासार्ह दस्तऐवज ठरेल. माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी यासाठी शाळेला हातभार लावावा, एवढीच या निमित्ताने विनंती.